फक्त टेस्ट

ताईचं घशाचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला होतं. स्वरतंतूवर गाठ. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, बोलता येईल, गाण्याचं मात्र विसरा. आठवडाभर तिला तोंड उघडायची बंदी होती आणि आज दुपारी फक्त एक तास सूट. त्या तासात तिला स्वतः बांधलेलं एकच गाणं म्हणायचं होतं. ते आजवर कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

आली तीच फोन हातात घेऊन. हळूच म्हणाली, "खटपट्या, यावरच घे ना. पाच मिनिटांचं काम."

मी भडकलो. "फोनवर? तुझा आवाज? मग मी हा पसारा कशाला मांडलाय?"

पसारा म्हणजे झोपायच्या खोलीतला माझा स्टुडिओ. दाराला गादी टेकवलेली, कपाटापुढे माईक, आणि टेबलावर माझा जीव की प्राण, व्हॉल्व्हचा जुना प्रीअॅम्प. भंगारातून आणून दोन महिने डोळे फोडून दुरुस्त केलेला. माईकचा आवाज त्यातून गेला की भरीव होतो. तिथून तो ऑडिओ बॉक्समध्ये, बॉक्समधून कॉम्प्युटरमध्ये. ठेक्यासाठी बाजूला ड्रम मशीन. बायको म्हणते, या खोलीत वायरी जास्त आणि हवा कमी.

कॉम्प्युटर रात्री आपल्या मनाने अपडेट होऊन बसला होता आणि आता बॉक्सला ओळखच दाखवेना. कालपर्यंत दोघं गळ्यात गळे घालून होते! ड्रायव्हर काढला, परत टाकला, सगळं बंद करून चालू केलं. एकदाचा बॉक्सचा हिरवा दिवा लागला.

"ताई, काहीतरी म्हण. फक्त टेस्ट."

माईकपुढे नुसतं हॅलो हॅलो करणं ताईला कधी जमलंच नाही. तिने गाण्याचीच पहिली ओळ म्हटली. 'दारात एक हाक ठेवून जा.' आणि अडखळली. हेडफोनमध्ये तिचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत होता. प्रोग्रामने विचारलं, ठेवू की टाकू? मी टाकलं. टेस्टचं काय लोणचं घालायचंय?

सेटिंग बदललं. उशीर कमी झाला तर आवाज तडतडायला लागला. परत बदललं. मग ड्रम मशीन आणि कॉम्प्युटर यांचं जमेना, दुसऱ्या कडव्यापर्यंत मशीन पुढे पळायचं. ती चूक पकडायला ताईला दोन्ही कडवी म्हणावी लागायची.

"परत म्हण, ताई. फक्त टेस्ट."

बायको कोमट पाणी घेऊन आली. "अहो, तास कधीच होऊन गेला. वन्संना दमवताय तुम्ही."

"पाच मिनिटं," मी म्हणालो. तासाभरापासून मी पाच मिनिटंच मागत होतो. आज नाही तर कधीच नाही, हे डोक्यात घण घालत होतं, आणि घाबरून मी अजूनच वायरींत डोकं खुपसत होतो. त्या बॉक्सच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

चौदाव्या टेस्टला सगळं जुळलं. आवाज जरा बसका वाटला, म्हणून मी प्रीअॅम्प वाढवला. तीही टेस्ट टाकली.

"आता खरं, ताई. म्हण."

ताईने डोळे मिटून श्वास घेतला. नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला, घरघर आली. मग तिने घशावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उशीर फक्त हेडफोनमध्ये होता, आत उतरलेला आवाज स्वच्छ होता. ठेकाही वेगळ्या ट्रॅकवर पडत होता, तो उद्या, परवा, कधीही सरकवता आला असता. हे मी दुसऱ्यांना शिकवतो! वेड्यासारखा कॉम्प्युटरचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला. टाकलेल्या फाइली परत आणायचा प्रोग्रामही चालवून पाहिला. चौदातली एकही राहिली नव्हती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

ताईने टेबलावरची वही ओढून लिहिलं, 'नवव्यांदा छान झालं होतं. इतकं छान मी कधीच म्हटलं नव्हतं. तू ऐकलंस, तेवढं पुरे.'

मी मान डोलावली.

तिने खाली लिहिलं, 'कसं झालं होतं?'

नववी टेस्ट. मी जिवाच्या आकांताने आठवू लागलो. समोर ताई उभी होती, डोळे मिटून, दोन्ही कडवी म्हणत. मी आवाजाची लेव्हल दाखवणारा मीटर बघत होतो. हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती, लाल खुणेच्या आत राहत होती. त्यातला एक सूरही मला आठवेना.

ती पेन्सिल धरून वाट बघत होती.

"लेव्हल अगदी बरोबर होती, ताई," मी म्हणालो.