घंटी वाजवून जा

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. आबांनी मूळ किल्ली हरवली, म्हणून माझा जन्म झाला. किल्लीवाल्याने कानशीने माझे दात घासले, फुंकर मारून कीस उडवला आणि आबांना बजावले, "ही तरी सांभाळा!" आबांनी माझ्या कडीत एक छोटी घंटी अडकवली. हरवली तरी आवाजाने सापडेल, हा त्यांचा हिशोब.

मित्रांनो, माझे बरेचसे आयुष्य दाराजवळच्या खिळ्यावर गेले, पण ते सुने नव्हते. त्या घरात एक कुत्रा होता. पिल्लू असताना तो रडू लागला की सगळी गल्ली जागी होई, म्हणून त्याचे नाव भोंग्या. आबा घड्याळे दुरुस्त करीत. म्हातारपणी दुकान सोडून ते घरीच बसले, त्यामुळे भोंग्या कधी एकटा राहिलाच नाही. आबांनी मला उचलले, घंटी किणकिणली, की तो गळ्याचा पट्टा तोंडात धरून दाराशी हजर. मग आम्ही तिघे फिरायला निघायचो. माझ्या आवाजासरशी इतक्या आनंदाने धावत येणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही.

एका सकाळी आबांच्या छातीत कळ आली. त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेले. घाईत त्यांच्या मुलीने, ताईने, स्वतःची किल्ली घेतली. मी खिळ्यावरच राहिले. आबा परत आले नाहीत. भोंग्या मात्र खिळ्याखाली येऊन बसू लागला. घंटी वाजलीच नाही, तर आबा गेले कसे, असे त्याला वाटत असावे. मलाही तसेच वाटे.

ताई कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात शिवणकाम करते. आबांची आठवण म्हणून ती मला वापरू लागली. पहिल्याच दिवशी घंटी ऐकून भोंग्या पट्टा घेऊन धावला आणि दार त्याच्या तोंडावर बंद झाले. तो दिवसभर रडला. दाराची खालची फळी त्याने ओरबाडून काढली. पुढे रोज तेच. वरच्या मजल्यावर रुग्णवाहिका चालवणारे काका राहतात. त्यांची रात्रपाळी, झोप दिवसा. एका संध्याकाळी त्यांनी ताईला जिन्यातच गाठले.

"पोरी, नाव भोंग्या ठेवल्यावर तो बासरी वाजवणार नाही, हे कळतं मला. पण माझ्या गाडीत दुसऱ्यांचे जीव असतात गं. स्टिअरिंगवर डोळा लागला तर?"

"थोडे दिवस द्या, काका. नाहीच जमलं तर मावशीकडे गावाला पाठवते त्याला."

काका ओशाळले. "आबांचं कुत्रं ते. पाठवू नकोस. काहीतरी कर, एवढंच."

ताईने केले, पण भलतेच. तिने माझी घंटी काढली, मला रुमालात गुंडाळले आणि भोंग्या खाण्यात गुंतला असताना चोरपावलांनी सटकू लागली. दोन दिवस खपून गेले. मग भोंग्याने वाटीकडे पाठ फिरवली. खायला तोंड घातले की माणूस नाहीसे होते, हे त्याने ताडले होते. आता तो ताईच्या सावलीसारखा फिरे. ती न्हाणीघरात गेली तरी हा दाराबाहेर. त्याच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा ताईने त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"तुम्ही चोरासारख्या जाता, मग तो पहारेकऱ्यासारखा बसणारच," बाई म्हणाल्या. "घंटी परत लावा. किल्ली उचला, वाजवा आणि कुठेही जाऊ नका."

"कुठेही न जाण्यासाठी किल्ली?"

"हो. त्याला कंटाळा येईपर्यंत."

मग सुटीच्या दिवशी ताईने घंटी वाजवली आणि खुशाल बटणे शिवत बसली. भोंग्या पट्टा घेऊन धावला, धापा टाकत राहिला. पुन्हा घंटी, पुन्हा बटणे. पुढे दुकानातले कामही ती घरी आणू लागली आणि असे कितीतरी दिवस चालले. शेवटी एकदा घंटी ऐकून त्याने जांभई दिली! मग ती दाराबाहेर जाऊन, तो रडायच्या आत परत येऊ लागली. पुढे जरा जास्त वेळ. काका जिन्यात बसून कानोसा घेत.

"गप्प आहे. थांब... कुरकुरतोय वाटतं. नाही, शिंकला. हं, जा आता आत."

ताईने खिळ्याखाली आबांचा स्वेटर अंथरला. कामावर जाण्याआधी ती भोंग्याला लांबवर फिरवून आणू लागली. एके दिवशी ती दुकानातून परतली, तर काका पुन्हा जिन्यात उभे.

"भोंग्याला बरं नाही का गं? दिवसभर आवाज नाही. काळजीनं माझी झोप उडाली!"

मावशीकडे निरोप गेलाच नाही.

आता सकाळी घंटी वाजते. भोंग्या एक कान उचलतो, ताईकडे पाहतो आणि स्वेटरवर हनुवटी टेकतो. धावत येत नाही. हेच तर हवे होते, तरी त्या धावत्या पावलांची मला आठवण येते. दिवसभर मी ताईच्या पिशवीत सुया-बटणांच्या सोबतीने पडून असते. संध्याकाळी कुलपात शिरते, तेव्हा पलीकडे शेपूट फरशीवर आपटलेले ऐकू येते.

मित्रांनो, मुक्या जिवाला चुकवून जाऊ नका. त्याला एकटे राहायला हळूहळू शिकवा. आणि जाताना घंटी वाजवून जा, म्हणजे ती पुन्हा वाजेपर्यंत वाट पाहायला त्याला धीर येतो. आबांना तेवढा वेळ मिळाला नाही.