पाणी ओलांडल्यावर

धोपाव्याच्या हिराबाई खाडीला मातेसमान मानीत, आणि मातेशी वागण्याचे काही नियम असतात. त्यांच्या घराण्यातला एक नियम असा, की वेणा घेऊन खाडी ओलांडलेल्या स्त्रीने प्रसूत होईपर्यंत माघारी पाऊल टाकू नये.

त्यांची सून राही हिने खाडी दुपारीच ओलांडली. वेणा नुकत्याच लागल्या होत्या. पाठीत उठत आणि विरून जात. परंतु रात्री फेरीबोट बंद असते, आणि हिराबाईंची थोरली जाऊ पूर्वी अशाच एका रात्री फेरीच्या धक्क्यावर, पैलतीरीच्या दाभोळच्या दिव्यांकडे पाहत, वेणांतच दगावली होती. म्हणून घाई.

दापोलीच्या ज्या खाजगी प्रसूतिगृहात त्या पोहोचल्या, तिथे राहीची थोरली बहीण नम्रता प्रसूतिसेविका होती. "पहिलटकरणीला वेळ लागतो. तुला कुणी घाई करणार नाही, मी आहे ना," असे ती महिनोन् महिने सांगत आली होती. राहीने दुसरे काहीच मागितले नव्हते.

नम्रताने तपासले आणि ती हिराबाईंकडे वळली. पिशवीचे तोंड उघडू लागले नव्हते.

"मावशी, अजून पुष्कळ अवकाश आहे. माझी खोली मागच्याच आळीत आहे. हिला जेवू दे, चालू दे, झोपू दे. कळांनी जोर धरला की आणू."

"म्हणजे माघारी?"

"माघारी कुठे? चार घरं मागे."

"मागे म्हणजे माघारीच. शिकलीस खरी, पण जन्म खाडीकाठचाच ना गो तुझा?"

"रुतलेली होडी भरतीनं सुटते, मावशी. माणसं लावून ओढली तर तळ फाटतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"आणि भरतीची वाट बघताना वारा फिरला म्हणजे? मग काय तुझी भरती चाटायची?"

दोघींनी राहीकडे पाहिले. तिला त्याच घरात नांदायचे होते.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "इथंच थांबते."

राही दाखल झाली, आणि दाखल होताच तिचा काळ मोजला जाऊ लागला. सकाळी डॉक्टर म्हणाले, "कालपासून प्रगती नाही. कळांचं सलाईन लावा."

"सर, ती अजून खऱ्या कळांतच नाही. थांबू या."

"थांबलो असतो. पण भूलतज्ज्ञ आज संध्याकाळी चिपळूणला परतणार. रात्री काही झालं तर मी एकटा आहे."

यात असत्य काही नव्हते. नम्रताने सुई स्वतःच्या हाताने लावली.

दुपारपर्यंत वेणा एकीला एक लागून येऊ लागल्या. बाळाचे ठोके उतरले, सावरले, पुन्हा उतरले. सलाईन बंद केले, कूस बदलली; ठोके सावरले नाहीत. डॉक्टरांना हाक नम्रतानेच मारली. शस्त्रक्रिया आता आवश्यक होती. सकाळी ती नव्हती.

मुलगी झाली, सुखरूप, मोठ्याने रडणारी. हिराबाईंनी बर्फी वाटली. नम्रताच्या तळहातावरही एक वडी ठेवली.

"बघ गो. तुझ्या खोलीत असतो तर? डॉक्टर देवासारखे धावले."

एक जन्म दुसऱ्या रीतीने पुन्हा घडवून दाखविता येत नाही. वडी नम्रताच्या हातात मऊ होत गेली.

राही पडल्या पडल्या छताकडे पाहत होती.

"ताई, मला जमलं नसतं का गो?"

"जमलं असतं."

"मग?"

नम्रताने पायथ्याशी जाऊन तिच्या पावलांवर हात ठेवला. कमरेखालची भूल अद्याप उतरली नव्हती. राहीला तो हात कळला नाही, आणि नम्रताने तो काढलाही नाही.

हिराबाई बाळाला घेऊन दारात उभ्या होत्या.

"घरी कधी न्यायचं राहीला? आता पाणी ओलांडायला हरकत नाही."

"टाके बघून चार-पाच दिवसांनी."

"धक्क्याचा उतार चालवेल ना?"

"धरून न्या," नम्रता म्हणाली.