आधी पाय, मग फरशी

मी एक जुनी पायघडी आहे. जाड सुताची, तपकिरी, कडेला हिरवा काठ आणि पोटाला रबराचे बारीक ठिपके. ते ठिपके हीच माझी खरी श्रीमंती. त्यांच्या जोरावर मी जिथे पसरते तिथून हलत नाही. ओढा, ढकला, वरून धावा. दिसायला मी काही गालिचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, गालिच्याचं लोक कौतुक करतात आणि माझ्यावर पाय रोवतात. कोण जास्त कामाचं, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका मागावर झाला. विणणारा कारागीर मोठा चिवट. धागा सैल पडला की उसवायचा, पुन्हा विणायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, "पायाखालची वस्तू आहे, लाड नकोत. पण दगाही नको." जन्मताना मिळालेला हा एवढाच उपदेश. तो मला आयुष्यभर पुरला.

दुकानातून मला उचललं ते एका फरशीवाल्या मिस्त्रींनी. लोकांच्या घरातल्या दगडी फरश्या मशीनने घासायच्या आणि चकचकीत पॉलिश करून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. पॉलिश ताजं असताना त्यावर चपलेचा ठसा उठला तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून काम संपलं की मिस्त्री मला खांद्यावरून उतरवत, मनगटाला एक हिसका देत, आणि मी दारापासून आतल्या खोलीपर्यंत सळसळत उलगडत जाई. घरमालक खूश होऊन म्हणत, "वा, आमच्यासाठी पायघड्या!" मिस्त्री म्हणत, "तुमच्यासाठी नाही साहेब, फरशीसाठी."

माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगेल, पाय मात्र खोटं बोलत नाहीत. "आम्हाला काही घाई नाही हो," असं म्हणणारे गृहस्थ दिवसभर माझ्यावर टाचा आपटत येरझारा घालत. "आम्ही अगदी साधी माणसं," म्हणणाऱ्या एक बाई माझ्यावरून अशा चालल्या, जणू मी त्यांच्या वाटेत येऊन मोठाच अपराध केला होता. मी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या खात्यात टाकून मोकळी होई.

पुढे पुठ्ठ्याचे हलके तक्ते निघाले. अंथरा आणि फेकून द्या. मी जड, धुवायला कटकटीची. मिस्त्रींनी मला गुंडाळलं आणि स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत एका बिघडलेल्या मशीनशेजारी उभं केलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण अडगळीत पडलेल्या वस्तूची एक सोय असते. तिच्यासमोर सगळे खरं वागतात. शिवाय त्या खोलीचं दार कायम अर्धं उघडं असे, आणि त्यातून मला बैठकीची खोली अख्खी दिसे.

त्या बैठकीची फरशी म्हणजे मिस्त्रींची जाहिरात. काळा दगड, अगदी आरसा. नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला दारातच थांबवत. "खाली बघा. चेहरा दिसतोय? मग बोलू." तिच्यावर चटई घालायची नाही, खुर्ची ओढायची नाही. त्यांची बायको म्हणायची, "या घरात माणसांनी भिंतीच्या कडेनं चालायचं. मधली जागा फरशीची."

अशा घरात कुत्र्याचं एक पिल्लू आलं. मिस्त्रींच्या लेकीला तिच्या मावशीने दिलेलं. मोठ्या जातीचं, पंजे अंगाला न शोभतील एवढे मोठे, कान स्वतःच्याच पायाखाली येणारे. मिस्त्रींनी त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. ठोंब्या पहिल्याच दिवशी धावला आणि बरोबर खोलीच्या मधोमध त्याचे चार पाय चार दिशांना गेले. पोटावर घसरत तो थेट कपाटाखाली. काय हसली सगळी! लेक म्हणाली, "बाबा, परत बघा हं," आणि तिने चेंडू फेकला. ठोंब्या पुन्हा धावला, पुन्हा फाकला, पुन्हा हशा. मग हा रोजचा खेळच झाला. घसरून झालं की त्याला सोफ्यावर चढवायचं आणि तिथून उडी मारायला लावायची. दमला की बक्षीस म्हणून बिस्किटं. वरच्या मजल्याचा जिनाही तो धडपडत चढायचा, आणि पोरगं किती हुशार म्हणून आणखी एक बिस्किट.

मी मागून बघत होते. पाय रोवण्याचं शास्त्र माझ्याइतकं त्या घरात कुणाला कळत होतं? घसरणाऱ्या पायाला जमीन सापडत नाही, तेव्हा तो सगळा भार वरच्या सांध्यावर टाकतो. पण कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या वस्तूला कोण विचारतो!

काही आठवड्यांनी ठोंब्या बदलला. धावताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखा. झोपून उठताना आधी पुढचे पाय सरळ करी, मग विचार करी, मग मागचं धड ओढून वर घेई. लेकीला ती नवी गंमत वाटली. मिस्त्रीणबाईंना नाही वाटली. "अहो, हे म्हाताऱ्यासारखं उठतंय," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉक्टरीणबाई दारातून आत आल्या आणि दुसऱ्याच पावलाला सटकल्या. दाराची कडी हातात आली म्हणून वाचल्या. तशाच उभ्या राहून त्यांनी ठोंब्याकडे पाहिलं. "मला धरायला कडी होती. याला काय आहे?"

त्यांनी त्याला चालवून पाहिलं, मागचे पाय हळूच मागेपुढे केले. खुब्याशी हात गेला तसा ठोंब्या कुईं करून वळला. लेकीचं तोंड उतरलं.

"लंगडा होणार का हा?" तिने विचारलं.

"आत्ता नाही. पण असंच चाललं तर मोठेपणी होईल, आणि मग औषधं देत बसावं लागेल. मिस्त्री, पॉलिश ताजं असताना तुम्ही कुणाला त्याच्यावर पाय देऊ देता?"

"हात तोडीन त्याचे. म्हणजे, पाय."

"मग याचे सांधे अजून ताजे आहेत. त्यांची रोज घसरगुंडी का करताय? फरशीवर काहीतरी न सरकणारं घाला. जिन्याला आडवी फळी लावा. सोफ्यावरून उड्या बंद. उचलायचं तर एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. नखं वेळेवर कापा, आणि बिस्किटं बंद. जास्तीचं वजन शेवटी या सांध्यांवरच येतं."

बाकी सगळं मिस्त्रींनी ऐकलं. जिन्याला फळी त्याच संध्याकाळी लागली. पण फरशी झाकायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना हलवायाच्या दुकानात मिठाई झाकून ठेवायला सांगितलंय. "माझी फरशी झाकली तर मी गिऱ्हाइकाला दाखवू काय, माझं तोंड?"

"तेही चालेल, पण गिऱ्हाईक पळेल," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी आपली युक्ती काढली. ठोंब्याला लोकरीचे मोजे! चारही पायांत मोजे घालून त्याला फरशीवर सोडलं, आणि मित्रांनो, फरशीला चमक आणण्यासाठी लोकर किती उत्तम, हे ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तोच विसरला होता. ठोंब्या एका भिंतीवरून निघाला तो दुसऱ्या भिंतीशीच थांबला. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

मिस्त्रीणबाई मागच्या खोलीत आल्या, त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि बैठकीत आणून टाकलं. "लोकांच्या फरश्यांसाठी ही आयुष्यभर वाहिलीत. आता घरातल्या पायांसाठी घाला."

मी दारापासून ठोंब्याच्या गादीपर्यंत पोचले. पाण्याचं भांडं आणि सोफ्याची बाजू मात्र राहिली. मग बाईंनी कात्री आणली. कात्री काही मऊ नसते, पण मी कुरकुर केली नाही. माझे उभे तीन पट्टे झाले, अंगाने अरुंद पण तेवढेच लांब. सगळीकडे एकाच वेळी हजर राहणं अखंड पायघडीला कधी जमलं असतं? ठोंब्याने पहिलं पाऊल माझ्यावर ठेवलं, नखं रोवली, थोडा थांबला. मग दुसरं ठेवलं. त्या घरात आल्यापासून प्रथमच त्याचे चारही पाय जिथे ठेवले तिथेच राहिले.

महिना बरा गेला. मग मिस्त्रींना निरोप आला. एका नाट्यगृहाच्या फरशीचं काम द्यायचं होतं, त्याचे मालक घरी फरशी बघायला येणार होते. एवढं मोठं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच मिस्त्रींनी मला गोळा केलं, फरशी पुसून लखलखीत केली. बायको म्हणाली, "ठोंब्याला आत बांधते." मिस्त्री म्हणाले, "असू दे गं, घटकाभराचा तर प्रश्न." तेवढ्यात बेल वाजली.

ठोंब्या उठला. शेपटी हलवत गादीच्या कडेपर्यंत आला आणि थबकला. रोज जिथून मी सुरू होई तिथे आज काळा आरसा होता. त्याने एक पंजा खाली टेकवला. पटकन मागे घेतला. मग तो बसला आणि मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिला.

मिस्त्री माझी गुंडाळी काखेत धरून उभे होते. "माझ्या फरशीला घाबरतंय हे," ते हळूच म्हणाले. बेल पुन्हा वाजली. लेक म्हणाली, "बाबा, दार." मिस्त्री दाराकडे गेले नाहीत. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मनगटाला तोच जुना हिसका दिला. माझे तिन्ही पट्टे पुन्हा खोलीभर पसरले.

ठोंब्या माझ्यावरून धावत दाराशी पोचला, तेव्हा कुठे दार उघडलं गेलं.

नाट्यगृहाचे मालक माझ्यावर उभे राहून म्हणाले, "फरशी कुठाय?"

मिस्त्रींनी माझा एक कोपरा उचलला. "ही बघा."

"एवढीच?"

"चेहरा दिसतोय ना? मग पुरे. बाकीची कुत्र्याची आहे." आणि कोपरा खाली सोडत ते म्हणाले, "साहेब, तुमच्या तिथे पोरंबाळं, म्हातारी माणसं येतात. मधलं दालन चमकवून देतो, पण जिन्यांना आणि दाराजवळच्या पट्ट्याला मी पॉलिश करणार नाही. आधीच सांगतो."

मालकांनी वाकून ठोंब्याचे कान खाजवले. मग म्हणाले, "सोमवारी माप घ्यायला या."

आता ठोंब्या मोठा झाला आहे. परवा डॉक्टरीणबाईंनी त्याचे मागचे पाय पुन्हा मागेपुढे करून पाहिले, खुब्यावर बोटं दाबली. तो कुईं करायचं सोडून त्यांचा हात चाटत बसला. "मजबूत आहेत," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी पंख्याकडे बघत डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. त्या घरात धूळ! असो.

मित्रांनो, माझा काठ आता विटला आहे, दोनतीन ठिपकेही झिजले आहेत. तरी अजून बरीच वर्षं मी टिकेन, याची मला खात्री आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं. तुमच्या घरातलं पिल्लू घसरलं, की तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण ते उठून पुन्हा धावायच्या आत त्याच्या पायांखाली काहीतरी अंथरा. आपले पाय दुखतात हे पिल्लू कधी सांगत नाही. ते नुसतं धावायचं थांबतं.