टोपण उघडायचं नाही

आवडी मेली ती घरच्यांनी उशिरा कळवलं म्हणून, असं तुम्ही लिहिलंत. खोटं लिहिलंत. तिचा नवरा भिवाजी उजाडायच्या आत वाडीवरून निघाला होता आणि सात वाजता दवाखान्याच्या दारात ओल्या लंगोटीनं कुडकुडत उभा होता. तेव्हा जिल्ह्याच्या ऑफिसात तुमच्या खुर्चीवर कोणी बसलेलंसुद्धा नव्हतं. कागद मात्र तुमचा, वरची सही तुमची. खाली एक जागा रिकामी ठेवलीत, ती श्रीपत ड्रायव्हरच्या सहीसाठी.

त्या रिकाम्या जागेपुढं श्रीपत दोन दिवस बसून होता.

कर्जतपासून दहा मैल आत, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो राहायचा. एका अंगाला सरकारी जीप, दुसऱ्या अंगाला त्याची खाट आणि स्टो. गावात खोली मिळाली नव्हती. पहिल्या घरी त्याचं नाव विचारलं, दुसऱ्या घरी आडनाव, तिसऱ्या घरी नुसतं गाव विचारलं आणि खोली लगेच भरली. तेव्हापासून सहा वर्षं तो जीपशेजारी झोपत होता. संध्याकाळी बोलायला माणूस नाही, म्हणून तिच्याशीच बोलायचा. टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचा आणि म्हणायचा, "आज लई प्यालीस गं."

पूर्वी एक माणूस होता, खोपोलीचा झहीर मिस्त्री. लष्कराच्या वर्कशॉपात नोकरी करून आलेला. जीप पाण्यात घालायची विद्या श्रीपतनं त्याच्याकडून घेतली. भीती इंजिनाला नसते, त्याच्या करंटला असते. म्हणून प्लगच्या वायरींना ग्रीस फासायचं, वरून सायकलची ट्यूब कापून चढवायची, कॉइल मेणकापडात गुंडाळायची. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा, त्याच्या टोपणाच्या कडेनं मेण थापायचं. पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, नाहीतर पंखाच पाणी उडवून सगळं भिजवतो. सायलेन्सरला रबरी पाइप जोडायचा आणि त्याचं तोंड वर टपाला बांधायचं.

"एवढं कुणीबी करील," झहीर म्हणायचा. "अक्कल पुढं हाय. पाण्याबाहेर आलास की टोपण उघड. गरम डबा गार पाण्यात बुडला की त्याला आतल्या आत घाम सुटतो. तो पुसला नाहीस, तर बाहेरचं पाणी अडवून काय उपेग?"

"शेरडाच्या तोंडाला फडकं बांधल्यागत झालं की."

"शेरडू निदान पाय तरी झाडंल रं. ही गपचूप मरते."

झहीर कुवेतला गेला. तिथून त्याचं एकच पत्र आलं. इथं पाणीच नाही, इंजिनात वाळू शिरते, तिच्याशी भांडतोय. श्रीपत उत्तर लिहायला बसला आणि काय लिहावं ते त्याला सुचेना. कळवण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. परदेशी टपालाचा निळा कागद तसाच कोरा राहिला.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात बाकीच्या जीपा चिखलात बसल्या असताना श्रीपतची जीप पाच ओढे पार करत राहिली. तुम्ही खूश. त्याची पद्धत लिहून घ्यायला जिल्ह्याहून तुमचा हेडक्लार्क आला. त्यानं ग्रीस लिहिलं, ट्यूब लिहिली, मेण लिहिलं. टोपण उघडायचं श्रीपत सांगायला लागला, तोवर चहा आला.

"पुरे, श्रीपतराव," हेडक्लार्क बशीत चहा ओतत म्हणाला. "आता काय पोथी लिहून घेता?"

पुढच्या मे महिन्यात ऑर्डर आली. सगळ्या जीपांची टोपणं जिल्ह्याच्या वर्कशॉपात मेणानं बंद करावीत. कुठल्याशा डेपोतून पार्ट चोरीला गेले होते, म्हणून मेणावर तार आवळून तिला शिशाचं सील ठोकावं. पावसाळा संपेपर्यंत टोपण उघडू नये. सील तुटलेले आढळल्यास चालक जबाबदार.

श्रीपत पदरचं भाडं खर्चून जिल्ह्याला गेला. "साहेब, तुमी अर्धंच लिवलंय."

"उरलेलं अर्धं तू लिहून दे," हेडक्लार्क म्हणाला. "मंजूर होऊन येईल."

श्रीपतनं लिहून दिलं. अर्जाची पोच घेतली. मंजुरी आली नाही, पाऊस आला.

जुलैत कुंभ्याच्या वाडीवर जुलाब-वांत्यांची साथ लागली. नर्स मैना वाडीवरच मुक्काम ठोकून राहिली आणि श्रीपत सलाइनच्या बाटल्या पोचवू लागला. तीन दिवसांत ओढ्यापलीकडं तीन खेपा झाल्या. दर खेपेला तो डबा तापला, बुडला आणि आतल्या आत घामाजला. चौथ्या दिवशी जीप अडखळायला लागली. त्याच सकाळी भिवाजी आला.

"मैनाबाई म्हनली, आवडीला लावलीय ती शेवटची बाटली. धा वाजंपत्तुर दुसऱ्या आना."

बारा बाटल्यांचं खोकं घेऊन दोघं निघाले. भिवाजी पहिल्यांदाच जीपमध्ये बसला होता. मांडीवर खोकं धरून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता.

"खोकतीय रं डायवर. हिलाबी मैनाबाईकडं न्यावी का?"

"हिचा डाक्टर जिल्ह्याला बसतो."

"मंग मेलीच म्हन की."

ओढ्याच्या काठाला श्रीपतनं जीप थांबवली. बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा काढला, पाइप टपाला बांधला. मग खिशातून दाढीचं पातं काढून सीलच्या तारेला लावलं. दोन मिनिटांचं काम होतं. तार कापायची, टोपण काढायचं, आतलं पाणी टिपायचं, पॉइंट म्हणजे करंट तोडणारी-जोडणारी टोकं घासायची आणि पुन्हा मेण थापायचं. हात तिथंच थांबला. घरात सरकारी नोकरी लागलेला तो पहिला माणूस. खालापूरकडं त्याची आई चंद्रभागा दर महिन्याला मनिऑर्डरची वाट बघत बसायची आणि पोस्टमनला म्हणायची, "माझा ल्योक सरकारची गाडी हाकतो." चालक जबाबदार. तीनदा गेली, चौथ्यांदाही जाईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि पातं खिशात घातलं. भिवाजी बघत होता.

मधोमध पाणी दिव्यांना लागलं आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. मग नुसता पाण्याचा आवाज उरला. आता सीलला कोण भितो? श्रीपतनं तार कापली. टोपणाच्या आत थेंब लोंबत होते आणि पॉइंटवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. त्यानं बनियन काढून पुसलं. बनियनच ओलं होतं. सेल्फ मारला, तर पाण्याखालची बॅटरी कूं करून गप्प झाली.

खोकं डोक्यावर घेऊन दोघं पाण्यात उतरले. कमरेच्या वर पाणी आणि ओढ दांडगी, दोनदा मागं ढकललं. मग वरच्या अंगाला जाऊन, झाडाच्या मुळ्या धरत उतार शोधला. वाडीवर पोचायला दोन वाजले. आवडी बाराला गेली होती. मैनानं श्रीपतकडं बघितलं नाही, खोकं ओढून घेतलं आणि आतल्या बाटल्या बाकीच्यांना लावल्या. चौघं जगली.

यातलं काहीच तुमच्या कागदात नाही. तुमच्या कागदात ओढ्याला पूर आहे आणि घरच्यांचा उशीर आहे.

कागद घेऊन हेडक्लार्कच शेडवर आला. "तुझ्यावर काही येत नाही," तो म्हणाला. "दोष ओढ्यावर गेला, वाडीवर गेला. सही कर आणि सूट. दोन दिवसांनी शिपाई पाठवतो."

"भिवाजीला इचारलं का?"

"त्याला कशाला विचारायचं? त्याची सही लागत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिवाजी आपण होऊन आला. शेडच्या दारात उकिडवा बसला.

"आत ये की."

"नगं. हितंच बरा हाय." त्यानं काडीनं पायाचा चिखल खरवडला. "येक इचारू? अलीकडच्या काठाला तू पातं काडलं हुतंस. मंग ठिवलंस. ती तार कापली आसती, तर गाडी गेली आसती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तसा कागदच तयार होता, फक्त सही राहिली होती. खरं ओळखणारा दुसरा एकच माणूस, तो कुवेतला.

"गेली आसती," श्रीपत म्हणाला.

भिवाजीनं मान हलवली. "बरं," म्हणाला, उठला आणि पावसातून चालू लागला. शिव्या घातल्या असत्या, दगड मारला असता, तरी श्रीपतला तेवढीच सोबत झाली असती. तो गेल्यावर शेडमध्ये पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही उरलं नाही. जीप ओढ्यातच होती. त्या रात्री तो कुणाशीच बोलला नाही.

सकाळी त्यानं सही केली नाही. कागद उलटा करून कोऱ्या बाजूला लिहिलं:

"भिवाजी वेळेवर आला. ओढ्याला पाणी रोजच्याएवढंच होतं. टोपण उघडायला पाहिजे हे मला ठाऊक होतं. पातं माझ्या हातात होतं. नोकरीच्या भीतीनं मी तार कापली नाही. ही माझी चूक आहे. हेच मी मे महिन्यात तुम्हाला अर्जात कळवलं होतं, त्याची पोच माझ्यापाशी आहे. तो अर्ज कुणी वाचला आणि कुणी बाजूला ठेवला, त्याचं नाव कळवावं. मला कळवू नका. भिवाजीच्या दारात जाऊन सांगा."

नोकरी तुम्ही आठ दिवसांत घेतलीत. म्हणजे पत्र वाचलंत. चूक कबूल केलेली ओळ वाचलीत, तर तिच्या खालच्या ओळीही तुमच्या डोळ्यांपुढं आल्याच असतील. भिवाजीच्या दारात अजून कुणी आलेलं नाही. कुणाचं नाव आहे ते? सांगा.