पुंजाजीनं बाजू बदलली

पुंजाजीचं तोंड एकदा सुटलं की ते बंद करायला त्याची बायको विमलबाईच लागायची, आणि ती राहिली घरी. त्यामुळे दुसरबीड गावच्या त्या शेडनेटमध्ये आठ दिवस गुलाबरावाचे कान किटून गेले होते.

मिरचीच्या बियाण्याचं हे शेडनेट दोघांचं, भागीतलं. फुलाला हातानं पराग लावायचा, खूण म्हणून लाल दोरा बांधायचा, की पुढचं फूल. हात गुंतलेले, तोंड मोकळं. तशात तिकडे आखातात लढाई पेटलेली. एका बड्या देशानं दुसऱ्याच्या मुलखात विमानं धाडून बॉम्ब टाकले, आणि आता दोस्त देशांना म्हणत होता, चला माझ्यासोबत.

"जायलेच पाह्यजे," पुंजाजी ठासून सांगायचा. "दोस्त म्हटलं का पाठीशी राहा लागते. तवा मागंपुढं नाही पाहा लागत."

"बॉम्ब टाकायच्या आधी दोस्ताले इचारलं होतं का त्यानं?" गुलाबराव शांतपणे म्हणायचा. "भांडण तू उकरून काढशीन अन् डोकं मी काऊन फोडून घेऊ?"

"मंग तू दोस्त कायचा बे?"

झालं, अबोला. चहा येईपर्यंत टिकायचा. तीस वर्षांच्या दोस्तीत त्यांचा एकही अबोला चहाच्या पुढे गेलेला नव्हता.

मंगळवारी सकाळी शेखरचा फोन आला. शेखर हा पुंजाजीचा एकुलता एक पोरगा, आखातातल्याच एका देशात बंदरावर क्रेन चालवायचा. "बाबा, त्या मोठ्या देशानं इथल्या सरकारले विमानतळ मागितला हाय," तो म्हणाला. "आज ठरवणार हायेत. दिला, त पह्यला मार आमच्या बंदरावरच पडन म्हणतात. आईले सांगू नका."

पुंजाजी शेडनेटमध्ये आला तो तोंड शिवल्यासारखा. गुलाबरावाला दोन वाक्यांत सांगितलं आणि ओळीत जाऊन बसला. आठ दिवस आपण काय काय बरळलो ते त्याला एकेक आठवत होतं. हो म्हणू नको रे बाबा, नाही म्हण, असं तो त्या न पाहिलेल्या सरकारला मनातल्या मनात विनवत होता.

गुलाबराव मागून म्हणाला, "पुंजा, मले वाटते तुयंच बराबर होतं. दोस्तानं साथ द्यालेच पाह्यजे."

"डोस्कं फिरलं का तुयं?" पुंजाजी एकदम उसळला. "न इचारता दुसऱ्याच्या घरावर जायचं अन् मंग दोस्ताच्या अंगणात लपायचं? त्या अंगणात लेकरं असतात ना!"

मग काय, तासभर खणाखणी. पुंजाजी गुलाबरावाचंच जुनं बोलणं त्याच्या अंगावर फेकत होता, आणि गुलाबराव असे लेचेपेचे मुद्दे काढत होता की कोणीही खोडावेत. पुंजाजीचा घसा मोकळा झाला, हातापायाला जरा ऊब आली.

ओळ संपवून तो मागे वळला आणि थबकला. गुलाबराव त्याच्याच फुलांवर वाकला होता. पुंजाजीनं बांधलेला दोरा सोडायचा, पराग लावायचा, पुन्हा बांधायचा. सकाळपासून पुंजाजी नुसतेच दोरे बांधत आला होता. परागाची डबी खिशात, बंदच्या बंद.

तेवढ्यात फोन वाजला. "सरकारनं नाही म्हटलं, बाबा," शेखर सांगत होता. "आमाले इचारून हल्ला केला नाही, त विमानतळ भेटणार नाही, असं चोख सांगितलं म्हणे."

पुंजाजी मटकन खाली मातीत बसला. उपरण्यात तोंड घालून रडला, भरपूर रडला. गुलाबराव जवळ येऊन बसला.

"आज मायी जुनी बाजू काऊन धरली बे?" डोळे पुसत पुंजाजी म्हणाला.

"तू गप बसला होता. मले करमेना."

"अन् मायी ओळ? दोस्ताले आधी इचारा लागते म्हणत होता ना तू?"

"तुले मारामारीले नेलं असतं, त इचारलंच असतं पह्यले," गुलाबराव म्हणाला. "तुयं लेकरू अडकलं होतं लेका. त्याले काय इचारा लागते?"

पुंजाजीनं गुलाबरावाचा हात धरला आणि चहा येऊन गार झाला तरी सोडला नाही.