डोक्यावर चार बोटं

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका मालवाहू व्हॅनच्या पत्र्यावर उताणा पडलो होतो. आडवा पलंग बसेल का ते बघत होतो. डोकं एका भिंतीला टेकलं होतं आणि पाय दुसऱ्या भिंतीच्या जरा अलीकडे राहिले होते. म्हणजे मी मावत होतो. ती मावली नसती, ती माझ्यापेक्षा चांगलीच उंच. आता हे तिला कसं सांगायचं असा विचार चालला होता, तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याचा होता.

"भावोजी, कुठे आहात?"

"व्हॅनमध्ये."

"बाहेर या."

"का रे?"

"आधी बाहेर या हो."

मी बाहेर आलो, मग त्याने सांगितलं. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिची मान पुढे झुकली होती. शेजारच्या दुकानातल्या बाईला वाटलं, सुईत दोरा ओवतेय. बराच वेळ तिला तसंच वाटत राहिलं.

व्हॅन विकणारा दाढीवाला माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, मला आत गरगरलं. "नुसता पत्रा तापतोच," तो म्हणाला, "आतून थर्माकोल लावलात की नाही तापणार."

व्हॅनचं घर करायचं हे तिच्याच डोक्यातून निघालं होतं. मी नळाची कामं करायचो, ती कपडे शिवायची. मी जन्मभर बेसिनखाली वाकलो, ती मशीनवर. मूलबाळ नाही. ती म्हणायची, "नळ सगळीकडे गळतात आणि चेनी सगळ्यांच्या बिघडतात. जिथे थांबू तिथे काम मिळेल." तिची एकच अट होती. घरात वाकायचं नाही. उभं राहिल्यावर डोक्यावर चार बोटं जागा पाहिजे. कपडा शिवताना आत जास्तीचं कापड, माया, सोडतात तशी. "अंगाला घट्ट बसलेलं घर मला नको," असं ती म्हणायची.

तिने शिंप्याच्या खडूने बाहेरच्या खोलीच्या फरशीवर व्हॅन आखली होती. इथे ओटा, इथे पलंग, इथे पाण्याची टाकी, हे मागचं दार. रोज संध्याकाळी आम्ही त्या रेघांच्या आत राहून बघायचो. माझा पाय रेघेवर पडला की ती ओरडायची, "अहो, भिंतीतून गेलात!" मेहुणा यायचा तो मुद्दाम दरवाजाच्या रेघेपाशी थांबून बेल वाजवल्यासारखं करायचा. ट्रकवर पार्सलं वाहतो तो. भावंडं दोघंही एकाच उंचीची, एकाच नाकाची. लग्नापासून तो मला चिडवत आलाय. "भावोजी, टाचा वर करा, फोटो काढतोय."

जागा सोडायची असं आम्ही घरमालकिणीला आधीच सांगून बसलो होतो. ती गेल्यावर मी विचारलं, राहू का मी? मालकीणबाई रडल्या. पण म्हणाल्या, "नव्या भाडेकरूंनी सामान बांधलंय हो. त्यांना मी आता काय सांगू?" ती दोघं पडद्यांची मापं घ्यायला आली. नवंनवं लग्न झालेलं जोडपं. मुलगी सरळ खिडकीकडे निघाली, तसा मी म्हणालो, "ताई, तो ओटा आहे. जरा दारातून या." ती दचकली. खाली बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि खरंच वळसा घालून दारातून आली. दार कुठलं हे तिला कसं कळलं कोण जाणे. त्या रेघा मला पुसवत नव्हत्या आणि त्यांच्यासाठी ठेवताही येत नव्हत्या.

महिनाअखेर आली. व्हॅन नाही आणि जागाही जाणार. जीव मेटाकुटीला आला होता. मी मेहुण्याला म्हणालो, "तुला गाड्यांतलं कळतं. चल माझ्याबरोबर."

तो सुट्ट्या टाकून आला. आम्ही किती आवारं पालथी घातली. एका व्हॅनमध्ये पूर्वी बर्फातला माल जायचा, तिच्या भिंती इतक्या जाड की आत बोगदाच. एक बेकरीची होती, तिच्या पत्र्यात उंदरांनी संसार थाटला होता. मेहुणा प्रत्येक गाडीखाली शिरायचा, सायलेन्सर ठोकायचा, तेलाची कांडी ओढून वास घ्यायचा. त्याचं झालं की मी म्हणायचो, "आत चढ. उभा राहा." तो उभा राहायचा. मी बघायचो आणि म्हणायचो, "नको."

शेवटी पुन्हा त्याच दाढीवाल्याकडे आलो. त्याच्याकडे दोनच उरल्या होत्या. एक मध्यम छताची. दुसरी उंच छताची, कपडे धुणाऱ्या कंपनीची जुनी गाडी.

मेहुणा मध्यमच्या खालून बाहेर आला तो हसतच. ती गेल्यापासून पहिल्यांदा. "भावोजी, इंजिन म्हणजे सोनं आहे. खाली एक ठिपका गंज नाही. डोळे मिटून घ्या."

दाढीवाला म्हणाला, "दुपारी कुरिअरवाले येतायत बघायला. ते विचार करत बसत नाहीत."

मी आत जाऊन उभा राहिलो. माझ्या डोक्यावर भरपूर जागा होती. खाली उतरलो आणि मेहुण्याला म्हणालो, "तू चढ."

"मी कशाला? तुम्ही मावलात ना?"

"चढ तर."

तो चढला. मान वाकवून, एक खांदा वर करून उभा राहिला. ती जुन्या मशीनवरून उठताना तशीच दिसायची.

"नको," मी म्हणालो.

"नको? का नको?"

"डोकं लागतंय."

"माझं लागतंय! मी राहणार आहे का इथे?" त्याने छतावर थाप मारली. सगळी गाडी वाजली. मग तो तसाच वाकून माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलेलं मला दिसलं.

"बेकरीच्या गाडीतही तुम्ही मला उभं केलं होतं," तो म्हणाला.

मी दाराची कडी चाचपायला लागलो.

"मी बायकोला सांगतोय, भावोजींना इंजिनातलं कळत नाही, मला गेलंच पाहिजे. आणि तुम्ही मला काठीसारखं घेऊन फिरताय. मापायला."

"तुझ्याशिवाय कोणावर मापू?"

दाढीवाला काहीतरी आठवल्यासारखं करून ऑफिसात निघून गेला.

मेहुणा खाली उतरला. गाडीला पाठ लावून उभा राहिला, हाताचं ग्रीस पँटला पुसत. "ताई त्यात राहणार नाहीये, भावोजी."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय. मी एकटाच आत मावेन असं घर मी घेऊ? ती दारातच अडेल."

"माझ्याकडे या. किती वेळा सांगितलं. वरची खोली रिकामी आहे."

"तुझ्या घरी सकाळ-संध्याकाळ तुझं तोंड बघायचं. ते अर्धं तिचं आहे. चार दिवसांत वेडा होईन मी."

त्यावर तो हसला आणि लगेच रडायला लागला. एवढा मोठा माणूस, आवाज न करता रडत होता. मग नाक ओढून तो सरळ उंच छताच्या गाडीकडे गेला, आत चढला आणि ताठ उभा राहिला. डोक्यावर हात आडवा धरला. चार बोटं बरोबर बसली.

"घ्या. झालं माप?"

"झालं."

"आता खाली बघा." त्याने गाडीच्या तळावरचं प्लायवूड उचललं आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर पत्र्यावर दाबला. तो बिस्किटात जावा तसा आत गेला. दुसरीकडे दाबला, तिथेही गेला. धुण्याच्या ओल्या गाठोड्यांचं पाणी वर्षानुवर्षं त्याच जागी मुरलं होतं. "हिचा तळ संपलाय. ही घर नाही, भावोजी, ही भंगाराच्या वाटेवर आहे. रस्त्यात मोडली तर कोण येणार तुम्हाला आणायला?"

"तू येशील."

"मी येईन, पण मला त्यातून तुम्हाला बाहेर काढायला लावू नका. एकदा फोन केला तुम्हाला. पुन्हा तसले फोन माझ्याच्याने होणार नाहीत."

तो सगळं खरं बोलत होता. मी नळवाला माणूस, गंज मला कळतो. गंजलेला पाइप मी लोकांना एक दिवसही ठेवू दिला नव्हता. तरी मी ऑफिसात गेलो आणि दाढीवाल्याला म्हणालो, "उंचवाली." त्यालाही बरं वाटलं नसावं. "काका, ती मी कोणाच्या गळ्यात मारणार नव्हतो," तो म्हणाला. "तुम्ही मागून घेताय."

जागा सोडायच्या आदल्या दिवशी मी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून फरशीवर पसरली आणि त्यांवर खालच्या रेघा उतरवून घेतल्या. ती ब्लाउजचा कागद कापून ठेवायची, तसा हा व्हॅनचा कागद झाला. मग फरशी पुसली. ओल्या फडक्यावर खडू आला, फडकं पिळलं, पाणी मोरीत गेलं.

व्हॅन आता मेहुण्याच्या अंगणात उभी आहे. तिथपर्यंत त्यानेच आणली, हळूहळू. वेल्डर येऊन बघून गेला. खालच्या दोन्ही तुळया बदलायला हव्यात म्हणाला, तोपर्यंत गाडी हलवायची नाही आणि आत राहायचंही नाही. मी आत राहतो. वरच्या खोलीत अंथरूण घातलेलं आहे, पण मी फक्त जेवायला त्यांच्या घरात जातो आणि खाली मान घालून जेवतो. मेहुणा गाडीत पाऊल टाकत नाही. दाराशी उभा राहून विचारतो, "आहात ना?" मी म्हणतो, "आहे." तो जातो.

कागद मी आत अंथरला आहे. पलंग लांबीने येईल, ते ठरलं. टाकीची जागा ठरली, पाइप कुठून न्यायचा तेही ठरलं. ओट्यासाठी लाकूड आणलं, पाय कापायला घेतले आणि थांबलो. कागदावर ओट्याची लांबी-रुंदी आहे, उंची नाही. फरशीवर उंची काढता येत नाही. तिच्या कमरेएवढा केला तर तो माझ्या छातीला येतो, वर काही चिरताही येणार नाही. माझ्या कमरेएवढा केला तर तिला वाकावं लागेल.

तुळया बदलायच्या आहेत. ओट्याचे पाय कापायचे राहिले आहेत.