मुद्गल जड का झाला

"मागे व्हा! मागे व्हा! सुटला तर पायावर पडेल!"

गर्दी एकदम मागे सरकली. व्यायामशाळेच्या मधोमध बाजारातला हमाल उभा होता. धान्याची पोती पाठीवर टाकून जिने चढणारा हा गडी, पण त्याच्या उजव्या हातातला व्यायामाचा लाकडी मुद्गल वर येत नव्हता. हात सरळ समोर धरायचा, कोपर वाकवायचं नाही, मूठ अगदी टोकाला पकडायची, एवढंच सांगितलं होतं. हमालाच्या मानेच्या शिरा फुगल्या, मनगट थरथरलं, आणि मुद्गल दाणकन गादीवर आदळला.

"पाहिलंत?" गावात नव्यानं आलेले मांत्रिक बाबा हळूच म्हणाले. "हा माणूस एकटा नाही. ह्याच्या खांद्यावर कुणीतरी बसलंय."

हमालानं दचकून आपल्याच खांद्याकडे पाहिलं. हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

बाबांनी मुद्गल उचलला, कुशीत घेतला, लहान मुलाला थोपटावं तसा मुठीवर थोपटला आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काटकुळ्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो अलगद समोर धरला. हात जमिनीला समांतर! लोकांच्या तोंडून 'अगं बाई' निघायच्या आत किराणा दुकानदार पुढे झाला. त्यानं स्वतःच्या दुकानातला काटा आणला होता. हमालाच्या हातून पडलेला मुद्गल त्यानं आधीच टांगून पाहिला होता, आता पुन्हा टांगला. काटा त्याच आकड्यावर थांबला.

"एक ग्रॅमचा फरक नाही," दुकानदार म्हणाला.

"असणारच नाही!" बाबा डोळे मिटून बोलले. "काट्याला लाकूड कळतं, मेलेला कसा कळेल? आत्म्याला वजन नसतं बाळांनो, भार असतो!"

आठवीच्या एखाद्या पोरानं हे वाक्य पेपरात लिहिलं असतं तर मी त्याला गोल भोपळा दिला असता. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या दिवशी माझ्या हातात लाल पेन नव्हतं, ताईचा गार पडलेला हात होता. पुढचा नंबर तिचा होता.

ताई माझी मोठी बहीण, केशकर्तनाचं दुकान चालवते. वर्षानुवर्षं हात वर धरून लोकांचे केस कापले आणि गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा आखडायला लागला. आधी झोपताना ठणकायचा, मग कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात पोचेना, शेवटी स्वतःची वेणीही घालता येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, ह्या वयात होतं असं, वेळ लागेल, पण हात हलवत राहा. ताईनं चार दिवस व्यायाम केला, दुखलं म्हणून सोडून दिला. तेवढ्यात हे बाबा गावात आले. आखडलेले खांदे ते बरे करतात, असं लोक सांगत होते. ह्या व्यायामशाळेत पूर्वी लोक पहाटे येऊन मुद्गल फिरवायचे, खांदे मोकळे करायचे. बाबांनी व्यायामशाळाच भाड्यानं घेतली. आता इथं मुद्गल फिरवायचे फक्त बाबा, आणि बाकीच्यांनी घाबरायचं.

"उजवा नको," ताई पुढे झाल्यावर बाबा म्हणाले. "तो आजारीच आहे. डावा दे. धडधाकट हात खोटं बोलत नाही."

डाव्या हातातही मुद्गल वर गेला नाही. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"नवरा गेलाय तुझा," बाबा म्हणाले. "काम करता करता. अचानक. उजव्या खांद्यावर हात ठेवून झोपायचा ना तो?"

भावोजी छापखान्यात यंत्रापाशी उभे असतानाच हृदय थांबून गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. आणि त्या हाताचं तर मलाही माहीत नव्हतं.

"त्यानं हात काढलेला नाही," बाबांनी तिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी त्याला हलवू शकतो. पण एक सांगून ठेवतो. एक खांदा सुटला की तो दुसरा शोधतो. रक्ताचाच. घरात कोण कोण आहे?"

घरात चिऊ होती. ताईची मुलगी, चौथीत.

मी खोटं सांगणार नाही, मलाही भीती वाटली. गर्दीतून पुढे होऊन मी म्हटलं, "मला द्या बरं तो." बाबांनी हसत मुद्गल माझ्या हातात दिला आणि तो माझ्या मनगटातून असा खाली गेला, जणू कुणी पलीकडचं टोक धरून ओढलं. मला तरफा, बल, भार सगळं पाठ आहे. त्या क्षणी एक शब्द आठवला नाही. मानेमागे काटा आला तेवढा आठवतो.

मी ताईकडेच राहायला गेले. त्यानंतर घरातलं वातावरणच बदललं. तिनं उजवा हात ओढणीनं छातीशी बांधून टाकला. मला वाटलं दुखतंय म्हणून. विचारलं तर म्हणाली, "हलवला तर तो उठेल गं. बसू दे माझ्यावरच."

"ताई, वेडी आहेस का?"

"असेन. पण चिऊवर नको."

म्हणजे तिला बरं व्हायचंच नव्हतं. बाबा 'हलवतो' म्हणत होते आणि ही बाई आपला खांदा घट्ट बांधून मेलेल्या नवऱ्याला धरून बसली होती. चिऊला ती कुशीत घेईना, एका पांघरुणात झोपेना, तिला आपल्या डाव्या बाजूलाच ठेवून चालायची. दुकान बंद होतं. बांधलेला हात दिवसेंदिवस लाकडासारखा होत चालला होता, आणि तो जितका आखडला तितकी तिची खात्री पटत गेली.

मग एका सकाळी चिऊ अंथरुणातून उठेचना. "मावशी," ती रडत म्हणाली, "माझा पण खांदा दुखतोय. पप्पा माझ्याकडे आले का?"

ताई दारात उभी होती. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी विसरणार नाही.

मी चिऊचा हात वर करून पाहिला, सहज गेला. रात्रभर ती अंग चोरून एकाच कुशीवर पडली होती, दुसरं काही नव्हतं. पण घाबरलेल्या पोरीला हे सांगून काय उपयोग? मी स्वतःच त्या मुद्गलाला घाबरत होते. तो जड का झाला हे मला कळलेलं नव्हतं, आणि जे मला कळलं नव्हतं ते ताईला नुसतं 'खोटं आहे' म्हणून कसं पटणार?

त्याच दुपारी स्वयंपाकघरातली फळी निखळली म्हणून मी हातोडी घेतली. खोक्यातून काढताना ती डोक्याकडून धरली होती, हलकी लागली. दांड्याच्या टोकाला धरून समोर केली आणि मनगट वाकलं. पुन्हा उलटी धरली. हलकी. सुलटी, जड. हातोडी तीच, वजनही तेच. फरक एवढाच की लोखंड मुठीजवळ आहे की मुठीपासून लांब.

मुद्गल कुणी उलटा धरत नव्हतं. मग आतलंच काहीतरी जागा बदलत असलं पाहिजे.

कळलं तरी खात्री नव्हती. अंदाज चुकला तर? सगळ्यांसमोर मुद्गल बाबांचंच खरं ठरवील, आणि मग ताईला त्या भीतीतून कोण बाहेर काढणार? मी आधी हमालाकडे गेले. तो स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसला होता. "बायको आत झोपू देत नाही," तो म्हणाला. "पोरांवर सावली पडेल म्हणते." मी त्याला काय करायचं ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाई, आत खरंच कुणी असलं तर?"

"तर तुमच्याआधी मला धरील," मी म्हटलं. धीर द्यायला म्हटलं, मला स्वतःला काही तो आला नाही.

पुढच्या बैठकीला मी ताईला आणि चिऊला मुद्दाम बरोबर नेलं. दाराशी एक गोड बोलणारी बाई रांगेतल्यांना पाणी देत होती. "कधीपासून दुखतंय? घरी कोण कोण?" असं मायेनं विचारत होती. मागच्या वेळीही हीच होती. "ताई," मी हळूच विचारलं, "भावोजींच्या हाताचं तू हिला सांगितलं होतंस?" ताई गोंधळली. "बोलता बोलता... रडू आलं होतं मला." पाणी देऊन झालं की बाई आतल्या खोलीत बाबांकडे जायची.

पोस्टातल्या बाईंनी मुद्गल समोर धरला, हलका. मी लगेच पुढे झाले.

"बाबा, काट्यावर टांगता तसा मी जरा दोरीच्या फासात टांगते. आडवा."

"कशाला?" बाबांच्या कपाळाला आठी पडली. "हा खेळ नाही, बाई. त्याचा कोप झाला तर—"

"टांगू द्या की!" हमाल मागून गरजला. "मी ओसरीवर झोपतोय. मला बघायचंय."

गर्दीतून दुजोऱ्याचे आवाज आले. बाबांना नाही म्हणता येईना. मी पोस्टातल्या बाईंच्या हातातूनच मुद्गल घेतला, फासात अडकवला, पुढेमागे सरकवला. फास मुठीजवळ आला तेव्हा मुद्गल तराजूच्या दांडीसारखा सरळ राहिला. तिथं मी खडूची रेघ मारली. हात इतका कापत होता की रेघ वाकडी आली.

बाबांनी मुद्गल घेतला, थोपटला, जाड टोक खाली करून मंत्र पुटपुटला आणि हमालाला दिला. जड. हमालाचा हात खाली चालला, पण ठरल्याप्रमाणे त्यानं तो टाकला नाही, दोन्ही हातांत धरून थेट माझ्याकडे आणला. मी फास बरोबर रेघेवर बसवला आणि सोडला.

जाड टोक झपकन खाली गेलं.

फास सरकवत सरकवत मी पार पलीकडे नेला, तेव्हा कुठं मुद्गल सरळ झाला. पांढरी रेघ वीतभर मागे राहिली होती.

"वजन तेच आहे," मी म्हटलं. "पण आतली एक जड वस्तू मुठीजवळून जाड टोकाला गेली आहे. म्हणून हाताला जड लागतो. काट्याला फरक कळत नाही, कारण काटा एकूण वजन सांगतो, ते कुठं आहे हे सांगत नाही. हा मुद्गल उघडायला हवा."

"उघडू नका!" बाबा किंचाळले. "आत तो आहे! बाहेर पडला तर समोर दिसेल त्या लेकराला धरील!"

दाराकडे पळापळ झाली. आणि ताई धावत आली ती माझ्याकडे नाही, चिऊकडे. बांधलेल्या हातानिशी तिला अंगाखाली घेऊन जमिनीवर बसली आणि ओरडली, "नको गं उघडू! पाया पडते! माझी पोर इथं आहे!"

माझे हात थांबले. एक क्षण मला वाटलं, राहू दे. मग चिऊचे डोळे दिसले. तिला मुद्गलाची भीती वाटत नव्हती, आईच्या ओरडण्याची वाटत होती. मी मुठीवरचं पितळी टोपण पिळलं. फिरलं, निघालं. मी मुद्गल उलटा केला.

शिशाचा एक लांबट, जड ठोकळा गादीवर पडला. धप्प. मागून दुसरं काही आलं नाही. मुठीभोवतीच्या फिरत्या कड्याला आतून एक खीळ होती. कडं एका बाजूला फिरवलं की ठोकळा मुठीपाशी अडकायचा, दुसऱ्या बाजूला फिरवून टोक खाली केलं की घसरत जायचा. थोपटणं म्हणजे ते कडं फिरवणं.

हमालानं ठोकळा उचलून तळहातावर धरला. "हाच बसला होता होय माझ्या खांद्यावर?" तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला.

पोस्टातल्या बाई बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आणि तुम्ही बरे केलेले लोक? त्यांचं काय?"

बाबा दाराकडे सरकू लागले. उत्तर मला नंतर डॉक्टरीणबाईंनी दिलं. असा आखडलेला खांदा बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत हळूहळू आपोआपही सैल होतो, श्रेय मात्र त्या वेळी समोर असेल तो घेतो. शिवाय बाबा परीक्षा घ्यायचे ती धडधाकट हाताची. जड मुद्गल हलका झाला की लोक आनंदानं घरी जायचे. आजारी हात वर गेला का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. बाबांना आणि पाणीवाल्या बाईला लोकांनी पोलिसांच्या हवाली केलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण घरी आल्यावर ताई म्हणाली, "मुद्गल खोटा होता, मान्य. पण तो माझ्यावर नाही, हे कुठं सिद्ध झालं?"

भीती ठोकळ्यासारखी एका झटक्यात बाहेर पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी वाद घातला नाही. तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ओढणी सोडली, आधी हात नुसता लोंबता ठेवून झुलवायला लावला, मग भिंतीवर बोटं चढवायला. बऱ्याच दिवसांनी एक छोटा, हलका, भरीव मुद्गल दिला आणि तो सावकाश झुलवायला शिकवलं, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून. पहिल्या वेळी ताई घामाघूम झाली. दुखण्यानं नाही. प्रत्येक झोक्याला ती वळून चिऊकडे बघत होती.

चिऊला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही. ताईचा हात खांद्याच्या वर गेला त्या दिवशी ती खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "मी कसं मानलं गं हे? पोरीला छळायला येईल असा माणूस होता का तो?" मग बाबांच्या त्या पहिल्या बैठकीनंतर पहिल्यांदा भावोजींसाठी रडली. आतापर्यंत ती फक्त घाबरली होती.

म्हणून सांगते. भीती वाटली तर लाजू नका, मलाही वाटली. पण भीती दाखवणाऱ्याला विचारा: हे कसं होतं, मला उघडून बघू द्याल का? खऱ्या गोष्टीला तपासणीची भीती नसते. उत्तराच्या जागी कुणी तुमच्या लेकराचं नाव घेऊन धमकावलं, तर ओळखा की आत लपवण्यासारखं काहीतरी आहे. आणि मग हात कापत असले तरी टोपण पिळा.